भिंतीवरचं उलटं गाव

आमच्या गावात कोणाचं छप्पर गळायला लागलं की लोक माझ्या दारात येत. कवेलू, म्हणजे कौलं, फेरण्यात माझ्या तोडीचा माणूस चोरखमारा तलावाच्या नहराखालच्या गावांमध्ये तेव्हा नव्हता. आताही नाही, पण आता कवेलूच उरले नाहीत, जिकडेतिकडे टिना आणि स्लॅब. विहाराचं छप्पर मी फेरलं, मारुतीच्या देवळाचं मी फेरलं, आणि भर श्रावणात दोन्हीकडे माणसं कोरडी बसली. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. तिसरीत कायले नाही गेलो ते इथं सांगत नाही, ती गोष्ट वेगळी आहे. पण लिहिता येतं मला, आणि सही मी पूर्ण नावाची करतो.

हे सांगून राहिलो ते यासाठी, की आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना भिंतीवर विज्ञान दाखवायची वेळ आली, तेव्हा पहिलं काम निघालं ते अंधाराचं. आणि खोलीत अंधार करणं हे छपराचं काम आहे, मास्तरांचं नाही.

साल दोन हजार बारा-तेरा असेल. शाळा चौथीपर्यंत. मोठे गुरुजी निवृत्तीला टेकलेले, आणि एक मॅडम नवीन आलेल्या, तिकडे सातारा-सांगलीकडच्या. त्यांची बोली ऐकून पोट्टे हसत. मॅडम विचारत, "काय करताय रे?" पोट्टे म्हणत, "काही नाही करून राहिलो, मॅडम." मग मॅडम हसत. शाळेत एक कॉम्प्युटर आधीपासून होता. तो मोठ्या गुरुजींच्या खोलीत चादर पांघरून झोपलेला असे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार, बाकी वर्षभर त्याला कोणी हात लावायचा नाही. सरकारी वस्तू, बिघडली तर जबाबदारी कोणाची? मॅडमनी आल्याबरोबर ती चादर काढली, धुऊन वाळत घातली, आणि परत काही पांघरली नाही. मग पंचायतीच्या मागे लागून त्यांनी एक प्रोजेक्टर आणवला.

माझी नात त्या वेळी तिसरीत होती, आणि माझा जीव त्या शाळेत अडकला तो तिच्यापायी.

माझा पोरगा गोंदियाला मोबाईलच्या दुकानात कामाला. रोजच्या जाण्यायेण्यानं तो कंटाळला होता. गोंदियाच्या कडेला मुर्रीला खोली घ्यायची, बायको-पोरीला घेऊन जायचं आणि पोरीला तिकडच्या कॉन्व्हेंटात टाकायचं, असं त्याचं ठरत आलं होतं. "जून में ले जाऊंगा," असं तो फोनवर कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. गोंदियात राहून त्याची अर्धी जीभ हिंदी झालेली.

मी म्हटलं, "इथं शाळा नाही का?"

"आहे ना, बाबा. पण त्या शाळेत आहे तरी काय? पाटी अन् खिचडी."

"तू त्याच पाटीवर शिकला."

"म्हणूनच सांगून राहिलो," तो म्हणाला. "दुकानात गोंदियाची एवढी एवढी पोट्टी येतात, मोबाईल कसा चालते ते मलेच समजावतात. आपली पोरगी उद्या त्यांच्यासमोर तोंड उघडणार नाही."

उत्तर सुचलं नाही की मी आवाज वाढवतो, पण नात तिथंच पाढे म्हणत बसली होती. घरात ते एकच लेकरू. ती गेली असती तर घरात मी, माझी बायको म्हणजे बुढी, आणि बकरी राहिलो असतो. बुढी दिवसभर बकरीशीच बोलते. म्हणजे बोलायला मला कोणी उरलं नसतं.

"एकदा येऊन पाहून घे," मी म्हटलं. "प्रोजेक्टर आला आहे आता. पालकांची सभा आहे मार्चमधी. पाहा, अन् नाही आवडलं तर ने. मी आडवा येणार नाही."

"पक्का?"

"मी कधी शब्द बदलला का?"

बुढी आतून म्हणाली, "शब्द नाही बदलत, लोकांलेच बदलवतात." तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

बोललो खरं, पण प्रोजेक्टर मी अजून पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहायला गेलो. मॅडम मुलांना सांगून राहिल्या होत्या, हा सूर्य, ही पृथ्वी, आणि भिंतीवर धुतलेल्या धोतरासारखं नुसतं पांढरं. छपरातून कवडसे पडत होते, भिंतीवर, जमिनीवर, पोट्ट्यांच्या डोक्यांवर. खिडक्यांमधून ऊन आत. त्या उजेडात प्रोजेक्टरचा उजेड म्हणजे दिवसा लावलेली चिमणी. मुलं डोळे बारीक करून पाहत होती आणि मॅडमचं तोंड उतरलं होतं.

मोठे गुरुजी म्हणाले, "काळे पडदे आणावे लागतील."

"पडदा वाऱ्यानं हालते," मी म्हटलं. "माझं काम हालत नाही. थोडे दिवस खोली मला द्या. आत सुईएवढा उजेड आला तर मिशी काढून टाकतो."

"मिशी राहू द्या जी," मोठे गुरुजी म्हणाले, "खोली करा."

मी खोली केली. आधी छप्पर घेतलं. फुटके कवेलू काढले, मांजरांनी सरकवलेले बसवले, जिथं फट तिथं दुहेरी थर दिला. दक्षिणेच्या खिडक्यांना लाकडी पल्ले होते, त्यांच्या फटींत बारदान ठोकलं. राहिली उत्तरेची खिडकी, बोरिंगकडची. तिला नुसत्या सळ्या होत्या. तिच्यासाठी मी बांबूचा तट्टा विणला, आणि आपण धान साठवायची ढोली लिंपतो ना, तसा तो माती, शेण आणि तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून दोन्ही अंगांनी लिंपून काढला.

तणीस कालवताना बुढी म्हणाली, "झाडून घ्या जी आधी. नव्या मळणीचं आहे, धान राहिलं आहे त्यात."

"मले नको शिकवू," मी म्हटलं.

काम झाल्यावर मॅडमना आत नेलं आणि दार लावलं. त्या चाचपडत दोन पावलं पुढे गेल्या. मग म्हणाल्या, "आजोबा, मला माझा हातसुद्धा दिसत नाहीये."

"दिसणारच नाही," मी म्हटलं.

"पण श्वास कुठून घ्यायचा?"

"मधूनमधून दार उघडा. इतकं विज्ञान एका दमात कोण शिकते?"

त्या दिवशी भिंतीवर पृथ्वी फिरली. मीही मागं बसून पाहिली. निळी होती. आमच्या धानाच्या बांध्या काही दिसल्या नाहीत, पण मॅडम म्हणाल्या, त्या आहेत तिथं. मुलांना माणसाचं काळीज धडधडताना दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या छातीवर हात ठेवला. ते पाहून मला फार बरं वाटलं. पोराला दाखवायला एवढं पुरे होतं, असं मी धरून चाललो.

आठवडाभरानं शाळेवरून जाताना उत्तरेची खिडकी हिरवी दिसली. जवळ जाऊन पाहतो तर तट्ट्यावर धान उगवलेलं. तणसात राहिलेले दाणे ओल्या मातीत फुटले होते. खिडकीभर बारीक बारीक परे, नर्सरी टाकल्यासारखे. मी इकडेतिकडे पाहिलं. बोरिंगवरच्या बायांनी माझ्या आधी पाहिलं होतं. घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली.

बुढीनं जेवण वाढता वाढता विचारलं, "खिडकीची रोवणी कधी आहे जी?"

पारावर एकानं विचारलं, नहराचं पाणी सोडायचं का म्हणून. दुसरा म्हणाला, अशी शेती असली तर ढोरं राखायची कटकट नाही. मी म्हटलं, उगवलं तर उगवलं, उजेड तर येत नाही ना आत. तो तेव्हा येत नव्हता, हे खरं आहे.

मॅडमना मात्र भलताच आनंद झाला. त्यांनी अख्खा वर्ग खिडकीशी उभा केला. बाहेरच्या अंगाचे परे हिरवेगार, आणि आत अंधारात निघालेले दोन-तीन पिवळे, लुळे. असं काऊन, ते मुलांनी एकमेकांना विचारलं आणि पुस्तक न उघडता सांगितलं. मॅडम मला म्हणाल्या, "आजोबा, हा धडा मी पुढच्या महिन्यात घेणार होते." मी म्हटलं, "लवकर झालेलं बरं असते."

त्यानंतर एका संध्याकाळी नात शाळेतून आली ती धावतच.

"आबाजी, आपली बकरी आज भिंतीवर उलटी चालून राहिली होती."

"कायले लबाड बोलतेस व?"

"आईची शपथ. पाय वर, शिंगं खाली. खोलीच्या भिंतीवर. सगळ्यांनं पाहिली. मॅडमनं पन."

लेकरू खोटं बोलणारं नाही. माझ्या मनात वेगळंच आलं. प्रोजेक्टरमध्ये बकरी कशी गेली? दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो, आणि खिडकी पाहून सगळं समजलं. बुढीची बकरी खिडकीत चढली होती. हिरवे परे पाहून तिनं तोंड घातलं, एक परा ओढला, आणि मुळासकट मातीचा लपका निघून आला. तिथं तट्ट्यात आरपार भोक पडलं होतं, बोराच्या बीएवढं.

सुईएवढा उजेड नाही, असं मी बोललो होतो. हे तर चांगलं मोठं होतं. मी तिथल्या तिथं माती कालवली, भोक बुजवलं, वरून हात फिरवला आणि घरी आलो. बकरीला बांधून ठेवलं आणि बुढीला दोन शब्द सुनावले. तिनं मला चार सुनावले.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर भोक परत उघडं. बकरी बांधलेली होती. मी पुन्हा बुजवलं. दुपारी पुन्हा उघडं. या वेळी भोकाच्या कडेला शिसपेन्सिलीचा काळा रंग लागलेला दिसला. मी वर्गाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, "कोन फोडून राहिलं रे?" सगळा वर्ग जमिनीकडे पाहू लागला. माझी नात सगळ्यात जास्त जमिनीकडे पाहून राहिली होती.

"आजोबा, आत या," मॅडम म्हणाल्या. "रागावू नका. बसा आधी."

"मी उभाच ठीक आहे."

"बसल्याशिवाय दिसणार नाही."

मी खाली बसलो. मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला आणि दार लावून घेतलं. आधी काहीच नाही. मग डोळे सरावले तसं समोरच्या चुन्याच्या भिंतीवर काही तरी हललं. चिंचेचं झाड दिसलं, शेंडा जमिनीकडे, बुंधा वर. आभाळ खाली, रस्ता वर. आणि वरून टांगल्यासारखं आमचं बोरिंग. रंग सगळे खरे, नुसते फिके. एक बाई पाण्याचा गुंड घेऊन आली. ती खरी येत होती डावीकडून, भिंतीवर आली उजवीकडून. तिनं दांडा दाबायला घेतला आणि पाणी धारेनं वर चढू लागलं. मी जरा पुढे सरकलो. चाल ओळखीची वाटली. ती बुढीच होती, डोकं खाली आणि पाय आभाळात घेऊन.

पोट्टे मला पाहून राहिले होते. मी काय म्हणतो याची वाट.

मी म्हटलं, "असंच पाहिजे तिले."

वर्ग खो खो हसला, आणि मीही थोडा हसलो असेन. पण काऊन उलटं ते मला समजल्याशिवाय मी उठणार नव्हतो. मॅडम सांगू लागल्या, प्रकाश सरळ रेषेत जातो. मी म्हटलं, "सरळ जाते तर उलटं काऊन दिसते?" त्यांनी फळ्यावर रेघा काढल्या. मला रेघा समजत नाहीत. शेवटी त्यांनी तुरीची एक लांब काडी मागवली, भोकातून आरपार घातली, आणि एका पोरीला बाहेरच्या टोकाशी उभं केलं.

"टोक वर कर," मॅडमनी ओरडून सांगितलं. बाहेरचं टोक वर गेलं, आतलं खाली आलं. "आता खाली." आतलं वर गेलं. "चिंचेच्या शेंड्याचा उजेड वरून येतो, आजोबा. भोकातून सरळ निघाला की कुठं जाणार?"

काडीकडे पाहूनच मी म्हटलं, "खाली."

"बुंध्याचा?"

"वर." मग मी जरा थांबून म्हटलं, "हे आधीच काडीनं सांगायचं होतं. उगाच खडू घालवला."

समजलं ते झालं. उठून मी माती कालवायला निघालो, तर नातीनं माझं धोतर धरलं. "आबाजी, नोको ना बुजवू." मागून सगळे पोट्टे, नोको ना, नोको ना.

"प्रोजेक्टरले अंधार लागते ना? मी अंधार देतो म्हनून बोललो आहे."

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही लागतं आम्हाला. हवं तेव्हा बंद, हवं तेव्हा उघडं, असं तुम्हाला जमेल का? नसेल जमत तर राहू द्या."

नसेल जमत, असं मला कोणी म्हटलं की मी रात्री जेवत नाही, हे कोणी तरी त्यांना सांगितलं असावं. मी भोकाची कड सुरीनं गोल केली आणि बांबूच्या काडीचं एक बुच घडवलं. असं घडवलं की घातलं तर हवा जाणार नाही, आणि काढलं तर एका बोटानं निघेल. मॅडमनी चार वेळा घालून-काढून पाहिलं.

मग त्या खोलीत जे काही चाललं ते मी दारातून पाहत असे, कारण शाळेच्या ओट्यावर बसायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती. मुलांनी भिंतीवर कागद चिकटवले आणि उलट्या गावावरून पेन्सिल फिरवली. मॅडमनी एक भिंग आणलं. ते भोकाशी धरून कागद वीतभर अंतरावर धरला की चित्र लहान होई, पण लखलखीत, चिंचेचं पान न् पान. मग त्याच भिंतीचा मोबाईलनं फोटो काढून, कॉम्प्युटरवर टाकून, प्रोजेक्टरनं भिंतीवर. माझ्या नातीनं प्रोजेक्टरच्या तोंडात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मॅडम, यात पन भिंगच आहे. मंग आतमधी चित्र उलटं राहते का?" मॅडमनी तिला जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "हो. आत उलटंच असतं, बाहेर पडताना सरळ होतं." ती घरी येऊन हे बुढीला सांगे, बुढी बकरीला सांगे.

सभेचा दिवस आला. ऊन कडक. पोरगा गोंदियाहून थेट मोटरसायकलवर आला, गाडी चिंचेखाली लावली आणि मागच्या भिंतीला टेकून बसला, मोबाईल हातात. त्याच्यासारखे आणखी दोघं-तिघं होते, पोरं काढून न्यायच्या विचारात. मोठ्या गुरुजींनी मला दारातच बाजूला घेतलं.

"ते भोक आज बंदच राहू द्या जी. लोक म्हणतील, शाळेच्या खिडकीले भोक आहे अन् हेच दाखवून राहिले."

मला ते पटलं. पोराला मी शब्द दिला होता प्रोजेक्टरचा. आपल्या कामातलं भोक कोण दाखवते?

दार लावलं. भिंतीवर सूर्य आला, पृथ्वी आली, काळीज धडधडलं. मुलं उठून उठून सांगत होती. माझी नात पृथ्वीवर बोलली, धडाधड, न अडखळता. मी पोराकडे पाहिलं. तो मान हलवत होता, पण ती हो म्हणणारी मान नव्हती. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, हे तर माझ्या मोबाईलवर पन दिसते. यूट्यूब लावलं की झालं."

मी काही म्हणायच्या आत लाईन गेली.

प्रोजेक्टर विझला. असा अंधार झाला की कोणी कोणाला दिसेना. अंधार माझाच होता, पण त्या वेळी तो मला आवडला नाही. मोठे गुरुजी म्हणाले, येईल आता, दहा मिनिटांत येईल. लाईन दहा मिनिटांत येत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. माणसं उठू लागल्याचा आवाज आला. पोराच्या मोबाईलचा उजेड पेटला. "चला," तो म्हणाला, "मले परत दुकानात जाणं आहे."

माझ्या शेजारी नात येऊन उभी राहिली होती. तिनं हळूच विचारलं, "आबाजी, बुच काढू?"

तिकडून मोठे गुरुजी म्हणाले, "नाही, नाही. बसून राहा."

मी अंधारात उभा. बुच काढलं तर अख्ख्या पालकांदेखत माझ्या तट्ट्याचं भोक उघडं पडत होतं, आणि ज्यांनी धानावरून चेष्टा केली ते सगळे तिथं हजर. नाही काढलं तर पोरगा गाडीला किक मारून निघून जाणार होता आणि जूनमध्ये घर रिकामं.

मी खिडकीशी गेलो आणि बुच काढलं. स्वतःच काढलं, नातीला काढू दिलं नाही.

"मोबाईल बंद कर," मी पोराला म्हटलं. "अन् खाली बस. बसल्याशिवाय दिसत नाही."

तो बसला नाही, पण मोबाईल बंद केला. हळूहळू भिंतीवर गाव उतरलं. मागून कोणी तरी म्हणालं, "बाप्पा, हे तर आपलं बोरिंग." मग एकेक जण ओळखू लागला, हा रस्ता, ती सायकल, तो अमक्याचा गोऱ्हा. गोऱ्हा उलटा चालत चालत चिंचेपाशी गेला. तिथं एक लाल मोटरसायकल चाकं वर करून उभी होती. गोऱ्ह्यानं तिच्या हँडलवर मान घासायला सुरुवात केली.

"अरे, ती गाडी माझी आहे," पोरगा म्हणाला.

गोऱ्ह्यानं आणखी जोर लावला, आणि गाडी सगळ्यांच्या देखत वरच्या वर आडवी झाली. पोरगा दार ढकलून बाहेर पळाला. उजेड आत आला, मुलांनी पटकन दार लावलं, आणि मग भिंतीवर माझा पोरगा दिसला, डोकं खाली, पाय वर, हात हलवत उलट्या दिशेनं धावताना. अख्खी सभा हसून लोळली. मोठे गुरुजीसुद्धा. माझ्या नातीनं तोंडावर दोन्ही हात धरले होते.

गाडी उभी करून तो परत आला तेव्हा घामाघूम होता. आता चिडून निघून जाईल, असं मला वाटलं. पण तो खाली बसला. भिंतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"लाईन तर नाही आहे," तो म्हणाला. "मंग हे चालते कशावर?"

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात नात म्हणाली, "कशावरच नाही, पप्पा." तिनं कोपऱ्यातून तुरीची काडी आणली, भोकात घातली, एका पोरीला बाहेर पळवलं आणि बापाला सांगू लागली. शेंड्याचा उजेड खाली कसा, बुंध्याचा वर कसा. तो मध्ये मध्ये विचारत होता, तिला उलटसुलट करून पाहत होता. भोक मोठं केलं तर? चित्र धुरकट होते, पप्पा. छोटं केलं तर? साफ होते, पण अंधारं होते. भिंग लावलं तर? तिनं लावून दाखवलं, कागद पुढे-मागे करून.

मग तिनं त्यालाच विचारलं, "तुमच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात पन भिंग आहे ना?"

"आहे. रोज दोन-चार बदलतो मी."

"मंग त्यात पन चित्र उलटंच पडत असन. सुलटं कोन करते?"

त्यानं मोबाईल उलटा केला, कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहिलं. "मी कधी विचारच नाही केला," तो म्हणाला.

लाईन आली ती सभा संपल्यावर. चहा पिताना दोघं जण माझ्यापाशी आले आणि म्हणाले, भोक चांगलं पाडलं जी तुमी. मी म्हटलं, पाडायचंच होतं ते. मॅडम जवळच उभ्या होत्या, त्यांनी चहात पाहिलं.

पोरगा दुकानात गेला नाही. गाडी ढकलत माझ्यासोबत घरी चालत आला. वाटेत म्हणाला, "चौथी होऊ द्या इथं. पाचवीले नेतो. पाचवी तर इथं आहेच कुठं."

"मुर्रीची खोली?"

"खोली मी घेतो. एकटा राहतो तोवर, रोजचं जाणंयेणं तरी वाचते. शनिवारी येत जाईन."

"ठीक आहे," मी म्हटलं. आणि गाडीला मागून हात लावला.

ते एक वर्ष ती आमच्याजवळ राहिली. पुढे पाचवीला गेली, ती जायचीच होती. पण त्या वर्षभर दर शनिवारी पोरगा आला की गाडीवरून उतरायच्या आधी हाक मारी, "का व, आज काय केलं शाळेत?" ती ओट्यावर बसून सांगे. चुंबकाचं, साबणाच्या फेसाचं, मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवलेल्या चंद्राचं. तो पायातले बूट न काढता ऐके, मध्येच अडवे, ती चिडून परत पहिल्यापासून सांगे. मी पलीकडे पाठ करून, कान तिकडे ठेवून, दोरी वळत बसलेला असे. बुढी म्हणायची, एवढी दोरी काऊन वळून राहिले जी, आपल्याकडे एकच बकरी आहे.